सरहद्दीवरील सात घरे



‘किल्ला’ हा शब्द उच्चारताच मराठी मनासमोर तट, बुरूज आणि खंदक उभे राहतात. बेळगावकरांना तर हे सारे गावातच पाहावयास मिळते. परंतु अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे लष्करी किल्ले उभारले गेले, त्यांपैकी पुष्कळांना तटबंदी नव्हतीच. मधोमध कवायतीचे मैदान, एका बाजूस शिपायांच्या बराकी आणि समोर अधिकाऱ्यांच्या घरांची ओळ, असे त्यांचे रूप असे. आपल्याकडील गडकोटांपेक्षा कँपाशीच त्यांचे नाते अधिक जवळचे.

आजच्या उत्तर डाकोटा राज्यात, मिसुरी नदीच्या पश्चिम तीरावरील फोर्ट अब्राहम लिंकन हा असाच एक किल्ला. १८७२ साली तेथे पायदळाची छावणी पडली. १८७३ साली घोडदळ आले आणि अधिकाऱ्यांसाठी सात लाकडी घरे एका ओळीत उभी राहिली. मधले घर ठाण्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर यांचे.

त्या काळी अमेरिकन लष्करात घर माणसाला मिळत नसे, हुद्द्याला मिळत असे. लेफ्टनंटाच्या वाट्यास एक खोली व स्वयंपाकघर, कॅप्टनच्या वाट्यास दोन खोल्या, असा हिशेब होता. घरात माणसे किती, हा प्रश्न त्यात नव्हता. वरच्या हुद्द्याचा अधिकारी नव्याने दाखल झाला, की त्याने कनिष्ठाचे कोणतेही घर पसंत करावे आणि त्या कनिष्ठाने बाडबिस्तरा आवरावा, असा रिवाज होता. बाहेर पडलेला अधिकारी आपल्याहून कनिष्ठाला उठवी, तो आणखी खालच्याला. रचलेल्या विटांतील एक ढकलली असता पुढच्या एकामागून एक कोसळाव्यात, तसा हा प्रकार होता. नुकतेच लावलेले पडदे आणि नुकतीच पेटविलेली चूल सोडून त्याच दिवशी निघण्याची पाळी बायकांवर येई.

त्या बायकांना नियमांत स्थान कोणते? पलटणीतील धोबिणींना लष्कराच्या नियमांनुसार १८७८ पर्यंत शिधा आणि निवारा मिळत असे. अधिकाऱ्याच्या पत्नीसाठी मात्र कोणतीही तरतूद नव्हती. ती तेथे होती, संसार करीत होती. कागदावर मात्र ती नव्हतीच.

याचा कठोर प्रत्यय १८७६ साली आला. २५ जून रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायेन व अरापाहो योद्ध्यांशी झालेल्या लढाईत कस्टर आणि त्यांच्या तुकडीचे सर्व सैनिक ठार झाले. त्या रविवारी ठाण्यावरील बायका कस्टरांच्या घरी जमून प्रार्थनागीते गात होत्या. वार्ता पोहोचली ती ६ जुलैच्या पहाटे. एलिझाबेथ कस्टर यांनी स्वतःचे दुःख आवरले आणि त्या इतर विधवांच्या दारी ती वार्ता सांगण्यास निघाल्या. पती गेला, त्याबरोबर त्याचा हुद्दा गेला आणि हुद्द्याबरोबर घरही गेले. काही आठवड्यांतच त्यांना ते सोडावे लागले.

परंतु सहानुभूतीचा ओघ येथेच थांबला, तर तो न्याय होणार नाही. हा किल्ला ज्या भूमीवर उभा होता, तेथे पूर्वी मंडन लोकांचे गाव होते. लाकडी सांगाड्यावर गवत व माती लिंपून केलेली त्यांची गोलाकार घरे स्त्रियांच्या मालकीची असत. लग्नानंतर पुरुष पत्नीच्या घरी राहावयास जाई. १७८१ च्या सुमारास देवीच्या साथीने ते गाव उजाड झाले. ज्या टेकडीच्या उतारावर एके काळी घर स्त्रीचे होते, तिच्याच परिसरात शतकभराने स्त्रीची गणतीही होईना, ही केवढी उलथापालथ!

लाकोटांची कथा तर अजून संपलेली नाही. १८६८ च्या फोर्ट लॅरमी येथील तहान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश त्यांच्याकडे राहावयाचा होता. १८७४ साली कस्टर यांची मोहीम याच ठाण्यावरून तेथे गेली आणि सोन्याची वार्ता घेऊन परतली. १८७७ साली तो प्रदेश काढून घेण्यात आला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा हक्क मान्य केला. परंतु लाकोटांनी ती रक्कम स्वीकारली नाही. त्यांना भूमी हवी आहे. कनिष्ठाला उठवून घर घेण्याची जी रीत अधिकाऱ्यांच्या ओळीत दिसते, तीच येथे एका संपूर्ण समाजाच्या वाट्यास आली.

१८९१ साली ठाणे बंद झाले आणि आसपासच्या वसाहतकऱ्यांनी घरांचे लाकूड काढून नेले. १९८९ साली, राज्याच्या शताब्दीवर्षी, कस्टरांचे घर जुन्या जागी नव्याने उभारण्यात आले. मात्र त्या घरातील गोठविणारे हिवाळे, तेथील भीती आणि त्या रविवारची गाणी जगाला कळली, ती एलिझाबेथ कस्टर यांनी १८८५ साली लिहिलेल्या ‘बूट्स अँड सॅडल्स’ या पुस्तकामुळे. नियमावलीने जिची दखल घेतली नाही, तिने लिहून ठेवले म्हणून ते घर उरले. ज्यांना असे लिहून ठेवता आले नाही, त्यांची किती घरे काळाच्या उदरात गेली असतील, याचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ठेवणे उचित होय. ग्रंथ जतन करणे म्हणजे माणसाचा निवारा जतन करणेच आहे.