जुन्या इंजिनाची साक्ष

जुनी मोटार विकत घेणाऱ्या गृहस्थाची दृष्टि प्रथम तिच्या रंगावर, मग बैठकीवर आणि शेवटीं चालकापुढील घड्याळांवर जाते. बॉनेट उघडलें जातें तें बहुधा रिवाज म्हणून. आंत काळपट, तेलकट लोखंडाचा एक ढीग दिसतो. विकणारा एखादें साल सांगतो, घेणारा मान डोलावतो आणि बॉनेट पुन्हां मिटतें. वास्तविक त्या गाडीचा बराचसा इतिहास त्या ढिगांतच उघड लिहिलेला असतो. तो वाचण्यासाठीं इंजिन खोलावें लागत नाहीं. डोळे, पुसावयास एक फडकें आणि कोणत्या पुराव्याला किती मान द्यावा याचा विवेक, एवढें भांडवल त्यास पुरतें.

न्यायालयांत सर्व साक्षीदारांच्या शब्दाला सारखें वजन नसतें. इंजिनाच्या बाबतींतहि तोच न्याय लागू आहे. रंग, कारखान्याच्या नांवाची चकती, कार्ब्युरेटर, हवेची गाळणी, ठिणगी वांटून देणारा डिस्ट्रिब्यूटर हे सारे भाग दोनचार बोल्टांनीं धरलेले असतात. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यांत ते कितीदां बदलले गेले, याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. त्यांच्याहून वजनदार साक्ष सिलिंडरांच्या माथ्यावरील हेडची. दुरुस्तीच्या वेळीं तें उतरतें खरें, पण वाटेल त्या इंजिनावर तें बसत नाहीं. सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे ब्लॉक, अर्थात् ज्या एकसंध ओतीव लोखंडांत सिलिंडर असतात तो भाग. ओतशाळेंत त्याला जो आकार मिळाला तो जन्मभर टिकतो. जो भाग जितका सहज सुटतो तितकी त्याची साक्ष हलकी, आणि जो सुटतच नाहीं त्याची साक्ष अखेरची. या विद्येचें सार एवढेंच आहे.

पहिला प्रश्न विचारावयाचा तो झडपांचा. पेट्रोलमिश्रित हवा आंत घेणारी एक आणि जळलेला वायु बाहेर सोडणारी दुसरी, अशा दोन झडपा बहुधा प्रत्येक सिलिंडरला असतात. पुष्कळशा जुन्या इंजिनांत त्या सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येंच उभ्या केलेल्या असत. अशा इंजिनाच्या हेडमध्यें हलणारा एकहि भाग नसतो. म्हणून तें सपाट असतें आणि स्पार्क प्लग बहुधा त्याच्या पाठीवर उघडे दिसतात. झडपा माथ्यावर नेल्या कीं त्यांना दाबणाऱ्या आंखूड दांड्याहि वर येतात. त्या दांड्यांना तेल लागतें, आणि तें उडूं नये म्हणून वर पत्र्याचें लांबट झांकण घालावें लागतें.

मुंबईंत शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. त्या कंपनीची शेव्हरोले मोटार १९२९ सालीं चार सिलिंडरांवरून सहांवर गेली. तिच्या इंजिनाच्या झडपा माथ्यावर असल्यानें तें लांबट झांकण तेथें दिसतें. तिची प्रतिस्पर्धी फोर्ड; तिच्या त्या काळच्या इंजिनांचीं हेडें सपाट. बॉनेट उघडतांच या दोन घराण्यांतील भेद कळून येतो.

एकाच घराण्यांतील भावंडें ओळखणें याहून कठीण. त्याचें उत्तम उदाहरण फोर्डचें व्ही-८ इंजिन होय. चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी तिरप्या बसविलेलें हें इंजिन १९३२ सालीं निघालें व अमेरिकेंतील फोर्ड मोटारींत १९५३ पर्यंत चाललें. आरंभीं तें २२१ घन इंचांचें आणि ६५ अश्वशक्तीचें होतें. दोन्ही अंगांस सपाट हेड, ही सर्वांची समान खूण. भेद आहे तो पाण्याच्या वाटेंत. १९३२ ते १९३६ या काळांत पाण्याचे दोन पंप हेडांच्या पुढल्या टोकांना असत व इंजिनांतील तापलेलें पाणी ओढून रेडिएटरकडे धाडीत. १९३७ सालीं ते खालीं ब्लॉकच्या तोंडाशीं आले आणि निवलेलें पाणी आंत ढकलूं लागले. गरम पाण्याची वाट मग हेडच्या मध्यावरून निघाली. १९४९ च्या मोटारींत ती हेडच्या पुढल्या टोकाला गेली.

याच्या जोडीला हेड आंवळणारे नट मोजावेत. मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक हेडला १९३७ पर्यंत एकवीस नट असत. १९३८ मध्यें चोवीसांची रीत सुरू झाली. १९३७ सालींच निघालेल्या साठ अश्वशक्तीच्या धाकट्या इंजिनाला मात्र सतराच. शेवटीं मागील बाजू पाहावी. फ्लायव्हीलवर घंटेच्या आकाराचें जें कवच असतें, तें १९४८ पर्यंतच्या मोटारींत ब्लॉकबरोबर एकत्र ओतलेलें असे. १९४९ पासून तें वेगळें करून बोल्टांनीं जोडलें गेलें. पाण्याचा नळ एक काळ सांगत असेल आणि हें कवच दुसरा, तर कवचाचें मानावें.

सुटणारा भाग कसा फसवितो हें जीपगाडीवरून कळतें. दुसऱ्या महायुद्धांतील जीप विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं एकाच नमुन्यावर बांधली. फोर्डनें आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरहि एफ हें इंग्रजी अक्षर उठविलें होतें. परंतु तें पाहून गाडी फोर्डची ठरविणें धोक्याचें, कारण दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसत. या जीपचें इंजिन चार सिलिंडरांचें, साठ अश्वशक्तीचें व सपाट हेडचें. विलिस कंपनीनें १९५० सालीं त्यांत बदल करून आंत घेणारी झडप माथ्यावर नेली आणि बाहेर सोडणारी बाजूलाच ठेवली. हेडवर झांकण आलें, इंजिन उंच झालें, आणि १९५३ च्या नागरी जीपचें बॉनेट त्यासाठीं वर उचलावें लागलें. महिंद्र कंपनीनें विलिसच्या परवान्यानें भारतांत बांधलेली उंच बॉनेटची जीप ती हीच. तथापि बॉनेट हाहि शेवटीं सुटणाराच भाग. पुढें कित्येक जीपगाड्यांत डिझेल इंजिनें बसलीं. तेथें स्पार्क प्लग व त्यांच्या तारा नसतात. त्यांच्या जागीं एका पंपापासून प्रत्येक सिलिंडरकडे गेलेल्या पोलादाच्या बारीक नळ्या दिसतात.

क्रमांकांच्या बाबतींतहि तारतम्य हवें. लोखंडांतून उठून आलेले आंकडे ओतकामाचे. ते इंजिनाचा नमुना सांगतात. ठोकून खोल उठविलेले आंकडे त्या एकट्या वस्तूचे, आणि नोंदणीच्या पुस्तकाशीं जुळवावयाचे ते हेच. पण ते कोणत्या भागावर ठोकले आहेत हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत बनलेल्या १९३२ ते १९४८ च्या फोर्ड व्ही-८ मोटारींत हा क्रमांक चासीवर आणि गीअरबॉक्सच्या कवचावर असे, ब्लॉकवर नसे. त्यामुळें कागद आणि आंकडा तंतोतंत जुळूनहि इंजिन दुसरेंच असूं शकतें.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. चोवीस नटांच्या इंजिनावर एकवीस भोकांचें गॅस्केट बसत नाहीं, हें एक व्यावहारिक उत्तर आहेच. दुरून मागविलेला भाग परत पाठविण्याचा खर्च ज्याला पडला त्याला तें पटेल. मूळ इंजिन म्हणून जादा दाम मोजणाऱ्यालाहि तें पटेल. पण बदललेलें इंजिन हा गाडीचा कलंक नव्हे. पुष्कळदां भाग मिळेनासे झाले म्हणून एखाद्या मिस्त्रीनें हातीं आलेलें दुसरें इंजिन खटपटीनें बसविलें आणि तेवढ्यामुळें ती गाडी भंगारांत न जातां नातवंडांपर्यंत पोंचली. दोष असलाच तर तो बदल लपविण्यांत आहे. आजोबांची गाडी संभाळणाऱ्या घरानें एके दिवशीं फडकें घेऊन ब्लॉक पुसावा, नट मोजावेत, आंकडे टिपून घ्यावेत आणि जें आढळेल तें गाडीच्या कागदांत तारखेसह जसेंच्या तसें लिहून ठेवावें. पुढें ती गाडी ज्याच्या हातीं जाईल, त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागणार नाहीं.