प्रश्नोत्तरांचा तास

महिन्याच्या अखेरीस घरांतली जमाखर्चाची वही उघडली, कीं 'किरकोळ' या नांवाखालीं एक आंकडा हमखास सांपडतो. हा खर्च कशाचा, असें कोणीं विचारलें, तर उत्तर तयार असतें: "किरकोळ." पहिल्या प्रश्नापुरतें तें उत्तर भागतें. खरी अडचण पुढेंच आहे. विचारणारें माणूस तेवढ्यावर न थांबतां "किरकोळ म्हणजे काय?" असें विचारूं लागलें, म्हणजे मग वही सहजासहजीं मिटतां येत नाहीं.

राज्यकारभाराची वही फार मोठी. पण 'किरकोळ' हें सदर तिच्यांतही आहे. ती वही लोकांच्या वतीनें उघडून पाहण्याचें जें एक साधन आपल्या संसदेंत आणि विधिमंडळांत आहे, त्यास प्रश्नोत्तरांचा तास म्हणतात. त्याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

लोकसभेचें कामकाज सामान्यतः सकाळीं ११ वाजतां सुरू होतें आणि त्यांतला पहिला तास प्रश्नांसाठीं राखून ठेवलेला असतो. राज्यसभेंत हा तास २०१४ च्या नोव्हेंबरपासून दुपारीं १२ वाजतां येतो. प्रश्न आयत्या वेळीं विचारतां येत नाहीं. त्याची लेखी सूचना निदान १५ दिवस आधीं द्यावी लागते. ज्या प्रश्नाचें उत्तर तोंडी हवें, त्यावर तारकेची खूण असते, म्हणून तो तारांकित. ज्याचें उत्तर लेखी चालेल, तो अतारांकित. लोकसभेंत एका दिवसाच्या यादींत २० तारांकित प्रश्न असतात, तर अतारांकित प्रश्नांची संख्या २३० पर्यंत जाते. सगळ्या खात्यांची वांटणी आठवड्याच्या पांच दिवसांवर केलेली असते, आणि कोणाचा प्रश्न आधीं घ्यावयाचा, तें सोडतीनें ठरतें. तेव्हां विचारणारा थोर पुढारी असो कीं प्रथमच निवडून आलेला तरुण असो, चिठ्ठीपुढें दोघे सारखेच.

प्रश्न कसा असावा, याचेही नियम आहेत. तो १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यांत उपरोध नसावा, कोणावर आरोप नसावा, विशेषणांची आतषबाजी नसावी. मंत्र्यांचें मत विचारूं नये; 'समजा, असें झालें तर' अशा धर्तीचा काल्पनिक प्रश्न विचारूं नये; न्यायालयापुढें असलेल्या बाबींत शिरूं नये. व्याख्यानें देण्याची संवय जडलेल्या सदस्यास हे नियम जाचक वाटतात. पण त्यांत मोठें शहाणपण आहे. विशेषणांना उत्तर देणें मंत्र्यांस फार सोपें असतें; त्यांना तशींच विशेषणें परत करतां येतात. "अमुक रस्त्यासाठीं किती रुपये मंजूर झाले, किती खर्च झाले, आणि काम केव्हां पुरें होणार?" या साध्या वाक्याला मात्र आंकड्यांनींच उत्तर द्यावें लागतें.

हें उत्तर खात्यांतले अधिकारी सिद्ध करतात. तें तपासलें जातें, पुन्हां तपासलें जातें, आणि पुष्कळदां इतकें गुळगुळीत होऊन बाहेर येतें, कीं त्यावर बोट ठेवायला जागा राहूं नये. येथवरचा सारा खेळ कागदाचा आहे. खरा प्रसंग यानंतरचा. मूळ उत्तर झालें, कीं प्रश्नकर्ता उभा राहतो आणि त्या उत्तरांतूनच निघालेला दुसरा प्रश्न विचारतो. त्यास उपप्रश्न म्हणतात. प्रश्नकर्त्यास असे दोन विचारतां येतात. मग अध्यक्षांच्या अनुमतीनें इतर सदस्यही उठतात. संभाव्य उपप्रश्नांचे अंदाज बांधून अधिकाऱ्यांनीं मंत्र्यांच्या फाइलींत टांचणें ठेवलेलीं असतातच. पण सगळेच अंदाज कोणास बांधतां येतील? आपलें खातें मंत्र्यांस खरोखर कितपत ठाऊक आहे, हें त्या दोन मिनिटांत साऱ्या सभागृहास दिसतें.

हा दुसरा प्रश्न आपणांस सुखासुखीं मिळालेला नाहीं. १८६१ च्या कायद्यानें जीं कायदेकौंसिलें स्थापन झालीं, त्यांत प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. पुढें आलेलें विधेयक संमत करावें आणि घरीं जावें, एवढाच अधिकार. १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. त्याप्रमाणें १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं मध्यवर्ती कौंसिलांत पहिला प्रश्न भिनग्याच्या महाराजांनीं विचारला. त्याचा विषय मोठा मार्मिक आहे. दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अंमलदारांच्या छावण्यांना सामान पुरवितांना खेड्यांतल्या दुकानदारांना जो त्रास सोसावा लागे, त्याविषयीं तो प्रश्न होता. या देशांत सरकारला विचारलेला पहिला प्रश्न राजकारणाच्या थोर तत्त्वांचा नसून वाण्याच्या पिठामिठाचा होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्याच काळांत आपल्या मुंबई कौंसिलांत प्रथम लोकमान्य टिळक आणि काहीं वर्षांनीं गोपाळ कृष्ण गोखले सदस्य म्हणून बसले. परंतु या थोर पुरुषांनाही उपप्रश्नाचा अधिकार नव्हता. सरकारनें दिलेलें उत्तर मुकाट्यानें ऐकून घ्यावें लागे. त्यावर चर्चा नाहीं, प्रतिप्रश्न नाहीं. १९०९ च्या सुधारणांनीं उपप्रश्न आला, पण तो मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. इतर सदस्यांस तो हक्क मिळण्यास १९१९ च्या सुधारणांची वाट पाहावी लागली. सरकारनें पहिला प्रश्न दिला तो १८९२ त. दुसरा सर्वांच्या हातीं देण्यास त्यानें २७ वर्षें घेतलीं. त्या राज्यकर्त्यांना कोणत्या प्रश्नाचें भय वाटत होतें, तें यावरून उघड होतें.

स्वातंत्र्यानंतर या साधनाची शक्ति किती आहे, याचा दाखला १९५७ सालीं मिळाला. आयुर्विम्याचा धंदा सरकारनें ताब्यांत घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन केल्यास जेमतेम वर्ष झालें होतें. लक्षावधि विमेदारांचा पैसा त्याच्या हातीं होता. त्यांतील सुमारें सव्वा कोट रुपये हरिदास मुंध्रा नांवाच्या एका उद्योगपतीच्या कंपन्यांचे भाग घेण्यांत गुंतविले गेले. याविषयीं लोकसभेंत प्रश्न आला, तेव्हां मिळालेलें उत्तर मोघम होतें. तेथेंच सारें थांबलें असतें, तर ती रक्कम त्या वहींत 'किरकोळ' म्हणून राहिली असती. पण सदस्य थांबले नाहींत. पुन्हां प्रश्न आले, उपप्रश्न आले, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजीं फिरोज गांधी यांनीं सभागृहांत या व्यवहाराचे धागेदोरे उलगडून दाखविले. हे गृहस्थ विरोधी पक्षाचे नव्हते. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि खुद्द पंतप्रधान नेहरूंचे जांवई होते.

परिणामीं मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हांचे मुख्य न्यायमूर्ति मोहम्मद करीम छागला यांच्याकडे चौकशी सोंपविण्यांत आली. ती मुंबईंत उघडपणें, लोकांच्या समक्ष झाली. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनीं फेब्रुवारी १९५८ मध्यें राजीनामा दिला. बहुमत सरकारच्या पाठीशीं भक्कम होतें; मतदानांत त्या सरकारचा पराभव करणें कोणासही शक्य नव्हतें. जें मतांनीं होण्यासारखें नव्हतें, तें प्रश्नांनीं झालें.

मंत्र्यांजवळ आणखीही एक ढाल असते: "माहिती गोळा करण्यांत येत आहे." हें वाक्य खोटें नसतें; पण माहिती गोळा होईपर्यंत विचारणारा विसरून जातो. यावर उपाय म्हणून १९५३ सालीं, दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असतांना, लोकसभेनें सरकारी आश्वासनांसाठीं एक समितीच नेमली. मंत्र्यांनीं सभागृहांत दिलेला शब्द टिपून ठेवावयाचा आणि तो सामान्यतः तीन महिन्यांत पाळला गेला कीं नाहीं, तें पाहावयाचें, हें तिचें काम. ती समिति आजही आहे.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे. प्रश्नास मोल आहे, म्हणूनच त्यास बाजारभावही येतो. प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्यें संसदेच्या ११ सदस्यांस घालवून देण्यांत आलें, आणि जानेवारी २००७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. कधीं हा तास सरकारच बाजूस ठेवतें. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीं तो कांहीं काळ स्थगित होता. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनांत महामारीमुळें तोंडी प्रश्न बंद राहिले आणि केवळ लेखी उत्तरें मिळालीं.

परंतु सर्वांत अधिक तास बुडतात ते गोंधळामुळें. सदस्य फलक घेऊन अध्यक्षांसमोर येतात, घोषणा होतात, सभा तहकूब होते. सरकार एखाद्या गंभीर विषयावर चर्चाच करूं देत नाहीं, मग आम्हीं दुसरें काय करावें, असें ते म्हणतात. या तक्रारींत पुष्कळदां तथ्य असतें. पण परिणाम काय होतो, तो पाहा. तास बुडाला, तरी तारांकित प्रश्नांचीं छापील उत्तरें सभागृहाच्या पटलावर ठेवलीं जातातच. कागद पुरा होतो. नाहींसा होतो तो फक्त उपप्रश्न. अधिकाऱ्यांनीं घडविलेलें गुळगुळीत उत्तर नोंदींत जातें, आणि मंत्री आपली फाइल न उघडतां बगलेंत मारून परत जातात. ज्यानें घोषणा दिल्या, त्यास वाटतें कीं आपण सरकारास अडविलें. वस्तुतः त्यानें सरकारास मोकळें केलेलें असतें.

मग आपण श्रोत्यांनीं काय करावें? संसदेंतले प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें तिच्या संकेतस्थळावर कोणासही वाचावयास मिळतात. आपल्या सदस्यानें काय विचारलें, तें अधूनमधून पाहावें. आपल्या भागांतली अडचण त्यास नेमक्या शब्दांत लिहून कळवावी. कारण चांगला प्रश्न बहुधा चांगल्या तक्रारींतूनच जन्मतो. आणि पांच वर्षांनीं तो आपल्या दारीं मत मागावयास येईल, तेव्हां "आपण किती प्रश्न विचारले?" एवढेंच विचारून थांबूं नये. त्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याजवळ छापील असेल.

"मंत्र्यांनीं 'किरकोळ' म्हणून सांगितल्यावर आपण पुढें काय विचारलेंत?" असें आपण विचारावें. तो आपला उपप्रश्न.