निंदणीच्या दिवसांत ऑक्सफर्ड

जळगावजवळच्या नशिराबादच्या शिवारात कपाशीची निंदणी चालू असते, तेव्हा इंग्लंडात उन्हाळा असतो आणि विद्यापीठांना सुट्टी. रिकाम्या वसतिगृहांत मग लेखनाच्या उन्हाळी शाळा भरतात. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजातही अशी शाळा भरत आलीय. हे कॉलेज १३१४ सालचं!

तिथे करायचं काय? टेबलाभोवती मोजकी मंडळी बसतात. एकाची गोष्ट सगळ्यांनी आधीच वाचलेली असते. कुठे खटकलं ते बाकीचे सांगतात. लिहिणाऱ्याने तोवर बहुधा गप्प बसायचं. आपल्याला हेच सगळ्यात जड जाईल.

लेखनासाठी परदेशी जायची ही वाट मराठीला अगदीच अनोळखी नाही. १९७५मध्ये दिलीप चित्रे अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेले होते. आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे लंडनला गेले, ते मात्र शिकवायला. आणि जवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी? त्यांनी शाळाच पाहिली नाही. त्यांची जात्यावरची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली, म्हणून आज आपल्या हाती आहेत.

अशा उन्हाळी शाळेला जायचं तर खर्च मोठा. शिष्यवृत्ती आहे का, हे आधी विचारा. अर्जासोबत लेखनाचा नमुनाही बऱ्याचदा मागतात. तो इंग्रजीत लागतो, आणि खरी कसोटी तिथेच. गोष्टीत सालदार आला की थांबावं लागतं. वर्षाच्या बोलीवर राबणारा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मालक बदलणारा हा माणूस परक्या भाषेत एका शब्दात मावत नाही. त्याला अख्खा परिच्छेद द्यावा लागतो.