स्वागताध्यक्षीय भाषण : परिचर्या शिक्षणातील सर्जनशीलता

परिषदेच्या अध्यक्षा, राज्यभरातून आलेले प्राचार्य, अध्यापक, वॉर्डातील कामाच्या पाळ्या बदलून उपस्थित राहिलेल्या परिचारिका आणि विद्यार्थी या सर्वांचे स्वागत समिती नाशिक नगरीत मनःपूर्वक स्वागत करीत आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात असल्याने ही चर्चा येथे व्हावी, हे उचितच होय. स्वागताध्यक्षाने विषयात फार शिरू नये, असा संकेत आहे. तो येथे थोडा मोडला जात आहे.

परिचर्या महाविद्यालयात सर्जनशीलता हा शब्द उच्चारला की आरोग्यशिक्षणाचे रंगीत तक्ते आणि परिचारिका दिनाचे पथनाट्य डोळ्यांसमोर येते. त्यांचे मोल आहेच. परंतु समोरच्या रुग्णाच्या अडचणीवर उपयोगी पडेल असा नवा मार्ग शोधण्याची क्षमता, हा या शब्दाचा अर्थ घेतला तर तिची सुरुवात निरीक्षणात होते. इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टर वॉर्ड उबदार दिवशी बाळांना बाहेर उन्हात नेत असत. 1956 मध्ये त्यांनी डॉक्टरांना, काहीशा संकोचानेच, एक बाळ दाखवले : त्याच्या अंगाचा पिवळेपणा ओसरला होता, मात्र चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळाधमक राहिला होता. पुढे डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा करून, रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, प्रकाशाने घटते हे 1958 मध्ये प्रसिद्ध केले आणि आज नवजात कक्षात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फोटोथेरपीचा पाया घातला गेला. त्या क्षणी तो संकोच जिंकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

कारण आपल्याकडील विद्यार्थिनीचा संकोच बहुधा जिंकतो. रुग्णाची पाहणी, गरजांचे निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन अशा पायऱ्यांची परिचर्या प्रक्रिया तिला विचार करायला शिकवण्यासाठी आहे. प्रत्यक्षात केअर प्लॅन गतवर्षीच्या जर्नलमधून उतरवला जातो, आणि रुग्ण बदलला तरी निदान बदलत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमाने सिम्युलेशनला, म्हणजे पुतळ्यावर किंवा रचलेल्या प्रसंगातून करावयाच्या सरावाला, स्थान दिले असले, तरी तेथेही ठरलेल्या कृतीच्या टप्प्यांनाच गुण मिळणार असतील तर पुतळा महाग पडेल, एवढेच. औषधाची मात्रा आणि निर्जंतुकीकरण यांत मनाचे काही चालवू नये, हे निर्विवाद; परंतु घरी खाट नसलेल्या दम्याच्या रुग्णाला उलट्या ठेवलेल्या खुर्चीचा टेकू कसा द्यावा, हे सुचायला मोकळीक लागते, आणि त्या सुचण्याला गुणपत्रिकेत जागा हवी.

निवास व भोजनाची व्यवस्था समितीने यथाशक्ती केली आहे. तीत उणिवा दिसल्यास त्या रिवाजाप्रमाणे पोटात न घालता स्वयंसेवक विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगाव्यात, अशी विनंती आहे.