दुरुस्त होणारा संगणक, खुले राहणारे दप्तर

औताचा फाळ झिजला म्हणून शेतकरी औत टाकून देत नाही. तो तेवढा फाळ बदलतो. शाळा व ग्रामपंचायती यांच्या लॅपटॉपलाही हाच न्याय लावावयास हवा.

लॅपटॉपची बॅटरी काही वर्षांत क्षीण होतेच. ती स्क्रूने बसविलेली असेल, तर तालुक्याच्या गावचा कारागीरही ती बदलू शकतो. चिकटवून बसविलेली असेल, तर तेच काम जोखमीचे होते. रॅम मदरबोर्डवर डाग देऊन पक्की केलेली असेल, तर ती पुढे वाढविता येत नाही. म्हणून सुटे भाग मिळतील काय व कितीस, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण ग्राहकास दर्शविणे बंधनकारक करण्यात आले, ते याच हेतूने.

यंत्र धडधाकट असूनही सॉफ्टवेअरपायी बाद ठरते, असेही घडते. ‘विंडोज १०’ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि पुढील आवृत्तीच्या अटींत अनेक जुने संगणक बसत नाहीत. असे संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे. लिनक्स व लिब्रेऑफिस ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होत. त्यांची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. त्यामुळे एकाने काम सोडले, तरी दुसऱ्यास ते पुढे नेता येते.

दप्तराचा प्रश्न याहून मोठा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केलेले मराठी ठराव, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसू लागतात. गावाचा ठराव गावालाच वाचता येऊ नये, यासारखी दुसरी नामुष्की नाही. यास्तव मजकूर युनिकोडमध्ये लिहावा आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ओडीएफ या खुल्या स्वरूपात जतन करावा.

हे अशक्यप्राय नाही. केरळ राज्याने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला, पुढे शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. केंद्र शासनाच्या २०१५ च्या धोरणानेही शासकीय कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले आहे.

अडचणी नाहीत असे नव्हे. काही लेखा-प्रणाली व डिजिटल स्वाक्षरीची साधने लिनक्सवर चालतीलच असे नाही. म्हणून आधी सर्व माहितीची प्रत काढावी, एका संगणकावर महिनाभर प्रयोग करावा आणि काम करणाऱ्यांना शिकवून मगच पुढचे पाऊल टाकावे.

दरपत्रके उघडताना किंमत तर पाहावीच. परंतु आणखी दोन प्रश्न विचारावेत. हे यंत्र बिघडल्यास दुरुस्त कोण करील? आणि यावर लिहिलेला कागद वीस वर्षांनी कोणाला वाचता येईल? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खरेदीच्या प्रस्तावावर सही होऊ नये.