गलाई बंधूंचे ऋण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'स्थानिक लघुव्यावसायिकांचा गौरव' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. व्यापाराशी आमचा संबंध महिन्याअखेरच्या वाण्याच्या बिलापुरता. तथापि विषय हाती येताच पहिला विचार मनात आला तो असा, की पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून या सोहळ्याला आपण सुवर्णाचे नाव दिले. परंतु या शहरात जी मराठी माणसे प्रत्यक्ष सुवर्णाचे काम करतात, ती आज सभागृहात कोठे बसली आहेत? आम्ही येथून पाहतो आहोत. ती नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगांत, दाराजवळ बसली आहेत. आज त्यांच्याविषयीच बोलण्याची अनुज्ञा असावी.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, न पडला तर तीही नाही. १९७२ च्या दुष्काळात तेथील घरोघरची माणसे खडी फोडण्यास गेली होती. अशा गावांतील तरुणांनी सोने-चांदी गाळण्याची विद्या हस्तगत केली आणि परमुलखाची वाट धरली. एकाने दूरच्या शहरात गलाईचे दुकान टाकावे, धाकट्या भावाला, भाच्याला, गावातल्या एखाद्या होतकरू पोराला हाताखाली घ्यावे, आणि तो तयार झाला की पुढच्या शहरी त्याचे बस्तान बसवून द्यावे, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. नोकरीच्या फिरतीत आम्ही वाराणसी पाहिली, कोलकाता पाहिले, त्रिशूर पाहिले. तेथील सराफ्याच्या अरुंद गल्लीत शिरावे, तो एखाद्या जिन्याखालच्या खोलीतून विट्याकडची मराठी कानी यावी, हा अनुभव आम्ही सर्वत्र घेतला आहे.

यांचे काम काय, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. आम्हांसही पुष्कळ वर्षे नव्हते. सोनाराकडे मोडीचे दागिने येतात. त्यांत तांबे असते, चांदी असते, डाग लावलेला असतो. त्यातून शुद्ध सोने वेगळे काढावयाचे ते गलाईवाल्याने. मोडीच्या सोन्यात तो आधी चांदी मिसळतो. एक भाग सोन्यास सुमारे तीन भाग चांदी, असे प्रमाण राखतो. मग तो रस ओतून त्याचे कण किंवा पातळ पट्ट्या करून त्या नायट्रिक आम्लात उकळतो. चांदी व तांबे आम्लात विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती पाहून हे सोने आहे असे कोणीही म्हणणार नाही. धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत तापविली म्हणजे तिला सोन्याचे रूप येते. विरघळलेल्या चांदीत तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत मिळते. सोनाराच्या दुकानातील केरकचरा, हात धुतलेले पाणी, बैठकीची जुनी चटईदेखील तो जाळून, धुऊन, गाळून त्यातील सोने काढून देतो. आपला देश दरवर्षी शेकडो टन सोने परदेशांतून आणतो. अशा देशात केरातून गुंजभर सोने परत मिळविणाऱ्या माणसाची योग्यता आम्ही काय सांगावी?

या शहराच्या दृष्टीने पाहिले तर मोठ्या पेढ्यांना गलाईवाल्याची तितकी गरज नसेल. गरज आहे ती गल्लीतल्या लहान कारागिराला. त्याच्याजवळ भांडवल बेताचे. सकाळी दिलेले दहा ग्रॅम सोने संध्याकाळी शुद्ध होऊन हाती आले नाही तर उद्या त्याचे काम बंद. आणि हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. गाळावयास दिलेले सोने कारागिराच्या नजरेआड आगीत आणि आम्लात जाते. शंभर ग्रॅमला हजारात एक भागाने टंच कमी सांगितला, तर दशांश ग्रॅम सोने कोणाला न कळत खिशात राहू शकते. हा मोह रोजचा आहे. तरीही ज्या शहराची भाषा प्रारंभी आपल्या लोकांना येत नव्हती, त्या शहरातील कारागीर तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे त्याच दुकानाच्या पायऱ्या चढत आहेत. महाराष्ट्राच्या नावाला या शहरात जो मान आहे, त्यातील मोठा वाटा या पायऱ्यांवर मिळविलेला आहे. आमच्या सरकारी खुर्चीला लोक नमस्कार करतात, परंतु तो खुर्चीला असतो.

आता आपल्या मंडळाविषयी. आपण बहुतेक सारे बदलीची माणसे. तीन-चार वर्षे राहावे, नाटक बसवावे, कोजागिरी साजरी करावी आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधावे. मंडळाचा कारभार पाहणारे एकाच वर्षी चौघे बदलून गेले, असेही येथे घडले आहे. त्या वर्षी सभा झाली नाही, हिशेब झाला नाही. परंतु गणपती बसला. जुनी इतिवृत्ते, पूजेची चांदीची उपकरणी आणि पावतीपुस्तके एका गलाई दुकानाच्या तिजोरीत सुरक्षित होती. मंडळ आज पन्नास वर्षांचे झाले, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे जितके, तितकेच न जाणाऱ्यांमुळे.

आम्ही या शहरी बदलून आलो त्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री रात्री एकाएकी आजारी पडल्या. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. मंडळाच्या यादीतील पहिल्या नावाला दूरध्वनी केला, तो एका गलाई बंधूंच्या घरी लागला. अर्ध्या तासात त्यांच्या वहिनी आणि शाळेत जाणारी कन्या दारात उभ्या! त्या मुलीने रुग्णालयात डॉक्टरांचे बोलणे आम्हांस मराठीत सांगितले आणि आईंची व्यथा डॉक्टरांना येथील भाषेत सांगितली. पहाटे ती तेथूनच परस्पर शाळेत गेली. २०२० च्या टाळेबंदीत येथे अडकलेल्या मराठी विद्यार्थ्यांचे आणि मजुरांचे डबे कोणाच्या स्वयंपाकघरांतून जात होते, हे येथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. त्या काळात त्यांच्या स्वतःच्या भट्ट्या मात्र थंड होत्या.

हे सांगून झाल्यावर एक कबुली दिली नाही, तर आमचे भाषण खोटे ठरेल. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीच्या सभेत एका गलाई बंधूंचे नाव सांस्कृतिक समितीसाठी सुचविले गेले. तेव्हा कोणी म्हणाले, "त्यांच्याकडून जाहिरात घेऊ, नाटक-साहित्यातले त्यांना काय कळणार?" सभेत हशा पिकला. आम्ही हसलो नाही, परंतु बोललोही नाही, मान डोलावली. सूचना मागे पडली. त्याच वर्षी स्मरणिकेत त्यांची पूर्ण पानाची जाहिरात छापून आली, कसलीही अट नाही, कुरकुर नाही. ते पान आजही उघडले की आमची मान खाली जाते.

आज या व्यवसायापुढे कठीण दिवस आहेत. त्याने कठीण दिवस पूर्वीही पाहिले. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि देशभरातील सोनारांच्या हातचे काम गेले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत ही टांगती तलवार होती. आता जून २०२१ पासून दागिन्यांवरील हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. क्षणात टंच सांगणारी यंत्रे आली आहेत, मोठे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले आहेत. ग्राहकाच्या दृष्टीने यात हितच आहे; परंतु जिन्याखालच्या भट्टीला त्यांच्याशी बरोबरी करणे सोपे नाही. शिवाय आम्लाचा तो तांबूस धूर वर्षानुवर्षे छातीत जातो. कोणी अनोळखी इसमाने चोरीचे सोने आणून विकले, तर चौकशीचा ससेमिरा निरपराध दुकानदाराच्याही मागे लागतो. आणि परमुलखात अशा वेळी शब्द टाकणारा कोणी नसतो.

म्हणून आमच्या मते गौरव म्हणजे केवळ शाल आणि श्रीफळ नव्हे. तीन गोष्टी आम्ही सुचवितो. पहिली, कार्यकारिणीत दोन जागा येथील स्थायिक व्यावसायिकांसाठी राखाव्यात आणि तसा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा. तो आम्ही स्वतः मांडू. दुसरी, आपल्यात विधिज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, करखात्यातील अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार या बंधूंसाठी द्यावा. कायदा समजावून सांगावा, छाती तपासावी, धूर बाहेर काढणाऱ्या नळीची व्यवस्था नीट आहे की नाही ते पाहावे. तिसरी, वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोणत्या साली कोण आले, पहिली भट्टी कोठे पेटली, हे आज कोठेही लिहिलेले नाही.

टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आता त्या कोरड्या माळांपैकी काही भागांत पोहोचले आहे. उद्या कदाचित यांची मुले गावी परत जातील, कदाचित येथेच निराळा व्यवसाय करतील. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु ती येथे आहेत तोवर त्यांनी या घरात पाहुण्यासारखे दाराजवळ बसावे, हे आपणांस शोभत नाही.

पुढच्या वर्षी आमची बदली व्हावयाची आहे. आता एकच विनंती करून रजा घेतो. पुढच्या रांगेत आमची खुर्ची रिकामी आहे. मागे बसलेल्या आमच्या वडीलधाऱ्या गलाई बंधूंनी कृपा करून तेथे येऊन बसावे. आम्ही मागे जातो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.