मोहाची बदनामी

एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करतो. तरुणपणी मी मोहाच्या झाडावर कविता लिहिली होती. माणसाला भुलवून पाडणारं झाड, असं ते रंगवलं होतं. अमडापूरला पारावर ती वाचली, तेव्हा सोयाबीन सोंगायला सातपुड्यातून आलेली एक बाई पुढे येऊन म्हणाली, ‘‘भाऊ, तेच फूल खाऊन आमचे लेकरं जगले.’’ मी दारूला कधी शिवलो नाही; झाडाकडे मात्र दारूच्याच नजरेनं पाहत होतो.

अमडापूरहून खामगाव, पुढे पूर्णा ओलांडून जळगाव जामोदकडे गेलं की सातपुडा लागतो. तिथं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली टोपल्या घेतलेल्या बाया दिसतात. फूल रात्री उमलतं आणि उजाडताना टपटप गळतं. पाकळ्या फिक्या पिवळसर, मांसल, रसानं भरलेल्या. वास उग्र आणि गोड. उन्हात वाळलं की फूल मनुकेसारखं लालसर तपकिरी होतं. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते.

बिअरमध्ये हॉप नावाच्या वेलीचे फुलोरे घालतात. ते कडवटपणा आणि वास देतात; दारू बनते ती सातूतल्या साखरेपासून. मोहाचं उलट आहे. इथं वासही फुलाचा आणि साखरही फुलाचीच. वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. हा सडवा चुलीवर तापवून त्याची वाफ थंड केली, की पहिली धार येते. नफ्यासाठी त्यात नवसागर घालणारे निघाले आणि बदनामी झाली फुलाची.

फुलाचे इतर उपयोग कोण सांगणार? फुलं भाजून, कुटून खातात, भाकरीत घालतात, गुरांना चारतात. बियांचं तेल निघतं. आता लाडू आणि जॅमही होतात.

कायद्यानंही दारूच पाहिली. मुंबई इलाख्यात १८९२मध्ये मोहफुलांवर खास कायदा झाला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंही फुलांवर बंधनं ठेवली. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध महाराष्ट्रात २०२१मध्ये उठले. विनापरवाना दारू गाळणं हा आजही गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण वेचलेलं फूल साठवता येत नसेल, तर बाईला ते हंगामातच मिळेल त्या भावात विकावं लागतं.

आणखी एक गंमत. झाडाचं नाव संस्कृत ‘मधूक’वरून आलं, प्राकृतात ते ‘महुअ’ झालं. भुलवणारा ‘मोह’ हा वेगळाच शब्द. उच्चार जुळला आणि झाडाला डाग लागला. भाषेवर जगणाऱ्या माझ्यासारख्यानं तरी हे तपासायला हवं होतं.

ती कविता मी संग्रहात घेतली नाही. त्या बाईचं वाक्य मात्र वहीत लिहून ठेवलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)